भाड्याचा पोर्टेबल बेल्ट कन्व्हेयर, ४७ ब्रास माती आणि तीन फुटी बोळ

आधीच सांगतो, मी काही मशीनवाला माणूस नाही. छोटी कंत्राटं घेतो, जुन्या वाड्यांच्या जागी इमारती होतात त्यांची खोदाई, पाया, पाण्याची टाकी, एवढंच आपलं. त्यामुळे हा रिव्ह्यू ज्याला डोक्यावरच्या घमेल्याचा हिशेब माहितीये त्याच्यासाठी. ज्याच्या साइटवर पोकलेन सरळ आत जातो त्याने वाचत बसू नये, तुमचं काम दोन दिवसाचं आहे, सुखी राहा.

जागा पुण्यात, नदीकडच्या एका पेठेत. वाड्याचा पुढचा भाग एका भावाचा, तो पाडायचा नाही, आमचं काम मागच्या अर्ध्यात, आणि तिकडे जायला एकच बोळ, ३० फूट लांब आणि तीन फूट रुंद, तो संपला की उजवीकडे काटकोनात वळायचं की खड्डा. जेसीबीचं नावच काढू नका. छोटा मिनी पोकलेन मिळतो भाड्याने, मी टेप घेऊन बघायला गेलो होतो, तो मीटरभर रुंद आणि आमचा बोळ मधे एका ठिकाणी दोन फूट अकरा इंच, कारण शेजारच्यांच्या भिंतीला पोट आलंय. आणि ती भिंत पांढरीच्या मातीची, तिच्या अंगाला घासून मशीन न्यायचं म्हणजे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आपल्या अंगावर घ्यायचं.

खड्डा ३० फूट बाय १८ फूट, खोली ७ फूट. गुणाकार केला की ३७८० घनफूट, ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे जागेवर ३८ ब्रासच्या जरा आत. पण जमिनीतली माती आणि टिकावाने सुटी केलेली माती एक नसते हे नवीन इंजिनिअर पोरं दरवेळी विसरतात, सुटली की ती फुगते, इथे मी सव्वापट धरली, म्हणजे वाहायची माती ४७ ब्रास. आता हेच घमेल्यात बघा. शिगोशीग भरलेलं घमेलं म्हणजे अर्धा घनफूट धरा, वजन २० किलोच्या आसपास, ब्रासला २०० घमेली. ४७ ब्रासला ९४००. प्रत्येक घमेलं सात फूट वर चढवायचं, मग बोळातून न्यायचं, समोरून रिकामं घेऊन येणाऱ्याला अंग चोरून वाट द्यायची, टिपरमधे ओतायचं आणि परत. मागच्या वर्षी अशाच एका जागेवर १२ माणसं लावून मला दिवसाला ३ ब्रास मिळाले होते, ते पण सकाळच्या जोरावर, दुपारी तीननंतर सगळ्यांच्या माना गेलेल्या असतात आणि मुकादम सोडून कोणी बोलत नाही. चौथ्या दिवशी दोन गडी न सांगता गावाला. त्यांचं तरी काय चुकलं.

बेल्टचं खूळ डोक्यात शिरलं ते व्हिडिओ बघून. लंडनमधे जुन्या घरांखाली बेसमेंट खोदतात, घर वर तसंच उभं आणि खालून माती काढायची, तिथे हे छोटे बेल्ट एकापुढे एक लावून माती खिडकीतून थेट रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकतात. तिकडे साइटवरची अवजारं ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टवर चालवायची पद्धत आहे, शॉक लागला तरी माणूस वाचावा म्हणून. आपल्याकडे सरळ २३० नाहीतर ४१५. हे लक्षात ठेवा, पुढे परत येतो त्याच्यावर.

भोसरीकडच्या एका वर्कशॉपवाल्याकडे सेट मिळाला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार पण आहे आणि मला भांडण वाढवायचं नाही. सेट म्हणजे तीन बेल्ट, तिन्हींचा पट्टा १६ इंच रुंद. एक २० फुटी, खड्ड्यातून वर चढवायचा, त्याच्या पट्ट्यावर व्ही आकाराच्या उंच रबरी रेघा असतात म्हणजे माती मागे घसरत नाही, त्याला ते लोक शेव्हरॉन म्हणतात. आणि दोन १५ फुटी साधे, सपाट पट्ट्याचे, बोळासाठी. प्रत्येकाला २ एचपीची मोटर. भाडं तिघांचं मिळून दिवसाला २५०० रुपये, डिपॉझिट २० हजार, आणण्या-नेण्याचे ६ हजार. फोनवर तीन गोष्टी कबूल केल्या होत्या, मोटरी सगळ्या सिंगल फेज, म्हणजे साध्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या, पट्टे चांगल्या कंडिशनमधे, आणि बसवून द्यायला माणूस येईल.

पहिला दिवस. टेम्पो सकाळी सातऐवजी अकराला आला, ते जाऊ दे. २० फुटीला ढकलायला दोन चाकं असतात, छान वाटतं बघायला, पण मी पट्ट्याची रुंदी विचारली होती, फ्रेमची विचारली होती, चाकांची विचारलीच नव्हती, आणि चाकं बाहेर धरून ते निघालं साडेतीन फूट. बोळाच्या तोंडाशी अडकून बसलं. मग अ‍ॅक्सल खोलला, चाकं काढली, आणि अडीचशे किलोचं धूड पाइपचे तुकडे खाली टाकून टाकून सरकवत आत नेलं, जसं पूर्वी लोक दगड सरकवायचे तसं. त्या एका वळणावर पाऊण तास गेला. तेव्हा घेणाऱ्याने चाकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या, आणि वळण असेल तर लांबी पण वळवून बघा, कागदावर नाही, जागेवर दोरी धरून.

नंतर कळलं की दोन मोटरी सिंगल फेज आणि २० फुटीची थ्री फेज. मालकाला फोन केला तर म्हणे, "अहो साहेब, ती सिंगलवाली दुसऱ्या पार्टीकडे अडकली, जनरेटर असेलच ना तुमच्याकडे." आहे, माझा १० केव्हीएचा आहे, म्हणून निभावलं. नसता तर? साइटवर महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन सिंगल फेजच होतं. आणि बसवून द्यायला जो माणूस आला तो १९-२० वर्षांचा पोरगा, त्याने नटबोल्ट आवळले, एकदा चालू करून दाखवलं, चहा प्यायला आणि टेम्पोबरोबरच निघून गेला.

आता गंमत. आमच्या गड्यांमधे एक नाना आहेत, साठीच्या आसपासचे, बीडकडचे, आधी ऊसतोडीला जायचे आणि नंतर काही वर्षं साखर कारखान्यातच रोजावर होते. त्यांनी बेल्टकडे बघितलं आणि म्हणाले, "ही तर गव्हाण हाय की." गव्हाण म्हणजे कारखान्यात ऊस आत नेणारा पट्टा. झालं, त्या दिवसापासून साइटवर त्याला कोणी कन्व्हेयर म्हटलं नाही, गव्हाणच. गळिताच्या हंगामाला गव्हाणीत मोळी टाकतात तसा पहिल्या घमेल्याला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, बायकांनी पट्ट्याला हात लावून नमस्कार केला, आणि मग बटण दाबलं. आणि खरं सांगतो, त्या पोराने जे शिकवलं नाही ते सगळं नानांनी शिकवलं.

पहिली गोष्ट, चालू करायचा क्रम. आमच्या पोरांनी साहजिकच खड्ड्यातला बेल्ट आधी सुरू केला, कारण माती तिथे. पुढचा सुरू व्हायच्या आत वळणावर गुडघाभर ढीग, पुढच्या बेल्टचं मागचं टोक मातीत गाडलं गेलं, आणि तसंच बटण दाबलं तर मोटर नुसती घुंऽऽ करून गरम. नाना वरून ओरडले, शेवटचा आधी! गाडीजवळचा आधी चालू करायचा, मग मधला, मग खड्ड्यातला. बंद करताना उलटं, खड्ड्यातला आधी बंद, पुढचे रिकामे होऊ द्यायचे आणि मग बंद करायचे. भरलेला पट्टा कधीच सुरू करायचा नाही. याचा दुसरा फायदा जनरेटरला, कारण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तिन्ही एकदम दाबल्या तर जनरेटर खोकतो आणि बसतो. एकेक करून दहा सेकंद थांबत सुरू केल्या तर काही होत नाही.

दुसरी गोष्ट उतार. साध्या सपाट पट्ट्यावर माती १८-२० अंशापर्यंत चढते, त्यापुढे मागे घसरायला लागते. रेघांचा पट्टा असेल तर २५-३० पर्यंत आरामात. आमचा २५ च्या आसपास होता. सुरुवातीला खड्डाच नसतो, तेव्हा बेल्ट जवळजवळ आडवा, मग जसजसं खाली जाल तसतसं रोज संध्याकाळी मागचं टोक चेन पुलीने उचलायचं, खालचे ठोकळे काढायचे, खाली टेकवायचं. अर्धा-पाऊण तास जातो रोज, हा वेळ कोणी हिशेबात धरत नाही, मी पण धरला नव्हता.

आणि मग तिसऱ्या दिवशी खरी गाडी रुळावर आली. वरचा राडारोडा संपून मुरूम लागला होता, कोरडा, तांबूस, फावड्यात बसणारा. खड्ड्यात चार गडी, दोघं टिकावाने सोडवतायत, दोघं फावड्याने पट्ट्यावर टाकतायत, तासाने बदली करतायत, आणि माती आपली वर चाललीये. सात फूट वर, वळणावर दुसऱ्या पट्ट्यावर पडते, धूळ उडते, बोळातून सरळ जाते आणि शेवटचा बेल्ट पुढून पाच फूट उचललेला त्यावरून टिपरमधे. कोणाच्या डोक्यावर काही नाही. मी दहा मिनिटं नुसता उभा राहून बघत होतो. त्या दिवशी ६ ब्रास निघाले, म्हणजे दुप्पट, आणि संध्याकाळी सहाला गडी हसत होते, एकमेकांच्या खोड्या काढत होते. मागच्या वर्षी त्या वेळेला तसं काही दिसलं नव्हतं.

पण हे ६ ब्रास रोज नाही निघाले, आणि मुद्दा इथेच आहे. बेल्ट खोदत नाही. बेल्ट माती डंपिंगला पण नेत नाही. तो फक्त मधला तुकडा मारतो, सगळ्यात त्रासाचा, डोक्यावर घेऊन चढायचा. एका बाजूला फावडी आणि दुसऱ्या बाजूला गाडी, ही दोन टोकं त्याच्या तालावर चालली नाहीत तर तो रिकामा फिरत राहतो आणि तुम्ही २५०० रुपये रोज देऊन पट्टा फिरताना बघत बसता. मशीनवाला सांगतो तासाला इतके टन वगैरे, ते खरं असेलही, पण एक गडी दिवसभरात फावड्याने दीड ब्रास टाकेल, त्यापुढे तो माणूस आहे. चार गडी, ६ ब्रास, तोच कमाल आकडा, बेल्टची ताकद कितीही असू दे.

आणि गाडी. पेठेतल्या रस्त्यावर डंपर दिवसा आणायचं नावच नको, म्हणून ४०७ टिपर, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक. एक ब्रास सुटी माती म्हणजे सव्वाचार टनाच्या आसपास वजन, ४०७ मधे प्रामाणिकपणे अडीच टन, म्हणजे ६ ब्रासला दहा फेऱ्या. एक गाडी एक तास जाऊन येऊन. पहिले दोन दिवस मी एकच गाडी ठेवली होती, हुशारी. गाडी गेली की बेल्ट बंद, गडी बिडी पेटवून बसलेले, आणि रस्त्यावर ढीग करू म्हटलं तर दहा मिनिटांत समोरच्या दुकानदाराची स्कूटर अडकते आणि तो फोन काढतो. दोन गाड्या केल्या तेव्हा कुठे जमलं, एक भरतेय तर एक वाटेत. छोटा हत्ती घ्यायचा विचार करणाऱ्यांना सांगतो, त्यात पाऊण टन, ६ ब्रासला तेहतीस-चौतीस फेऱ्या होतील, नका करू. आणि माती कुठे टाकायची ते, गौणखनिजाची परवानगी वगैरे, हे सगळं बेल्ट यायच्या आधी पक्कं करा, भाडं तुमच्या कागदपत्रांसाठी थांबत नाही.

आता दगडांचं. जुन्या वाड्याखाली घडीव दगड निघतात, जोत्याचे, कधी अख्खे, कधी फुटके. पहिल्याच दिवशी एकाने नारळाएवढा दगड चढत्या पट्ट्यावर ठेवला, तो अर्ध्यात गेला, गोल होता, व्हीच्या रेघा ओलांडून गडगडत खाली आला आणि खाली उभ्या असलेल्याच्या नडगीवर. हाड वाचलं, पण दोन दिवस लंगडत होता. तेव्हापासून नियम, मुठीपेक्षा मोठा दगड, वीट, सळीचा तुकडा, मूळ, काही पट्ट्यावर जाणार नाही, आणि बेल्टच्या सरळ रेषेत खाली कोणी उभं राहायचं नाही, बाजूने टाकायचं. सळीचं तर फारच बघा, फ्रेममधे आडवी अडकली तर पट्टा लांबीभर फाडत जाते. दोन बायका फक्त निवडायला बसवल्या. वेगळे काढलेले चांगले दगड आणि विटा जागेच्या मालकाने ठेवून घेतल्या, त्या पैशाबद्दल वेगळा वाद झाला, तो इथे नको.

सेफ्टीवर अजून दोन शब्द, कारण हे हसण्यावारी नेतात लोक. आमच्याकडे आलेल्या सेटमधे मागच्या टोकाच्या ड्रमला जाळीच नव्हती. पट्टा आणि ड्रम जिथे भेटतात ती जागा बोट नाही बघत, हात बघत नाही, पदर तर नाहीच नाही. चिकटलेली माती चालू पट्ट्यावर हाताने खरवडायचा मोह सगळ्यांना होतो, मी स्वतः पाहिलंय, मी स्वतः केलंय एकदा, आणि नानांनी माझ्या हातावर फटका मारला, मालक असून. कारखान्यात एकाचा हात गेलेला त्यांनी बघितला होता, तेवढंच बोलले. मी फॅब्रिकेटरकडून त्याच दिवशी १२०० रुपयांत जाळी करून बसवली, बायकांना पदर खोचून वर शर्ट, गळ्यातली उपरणी काढून ठेवायची, आणि बंद करायचं बटण खड्ड्यात हाताशी, वर नाही. आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच बंद होणारा स्विच), अर्थिंग नीट, वायर जमिनीवरून नाही तर भिंतीवरून. पाणी, माती, अनवाणी माणसं आणि ४१५ व्होल्ट, याच्यात देवावर भरोसा ठेवू नका. वायर बारीक घेतली तर लांबवर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते, मी अडीच स्क्वेअर एमएमची काढून चारची टाकली तेव्हा घुरघुर थांबली.

सातव्या दिवशी वळीव आला. दुपारी चारला, अर्धा तास, पण असा की खड्ड्यात घोटाभर पाणी. आणि आमच्या खड्ड्याच्या एका कोपऱ्यात मुरमाच्या वर अजून काळी माती शिल्लक होती, नदीकडची, चिकट, लोण्यासारखी. दुसऱ्या दिवशी पाणी उपसून बेल्ट चालू केला आणि सगळं सोंग उघडं पडलं. काळी माती ओली झाली की ती माती राहत नाही, डिंक होते. पट्ट्यावरून वर जाते पण टोकाला पडतच नाही, पट्ट्याला धरून उलटी खाली येते, रेघांच्या मधे बसते, परतीच्या रोलरवर थर चढतो, आणि खाली सांडते, म्हणजे तीच माती परत भरा. सपाट पट्ट्याला खालून रबराची पट्टी लावून खरवडता येतं, ती होती आमच्या दोन्ही छोट्यांना, फक्त पट्ट्याचा सांधा क्लिपांचा होता, त्यामुळे दर फेरीला क्लिप पट्टीवर आपटून टक, टक, टक, दिवसभर, डोकं उठलं. पण रेघांच्या पट्ट्याला अशी पट्टी लावताच येत नाही, रेघा आपटतात. त्यामुळे तो दर वीस मिनिटांनी बंद करून लाकडी पट्टीने साफ करायचा. त्या दिवशी जेमतेम २ ब्रास, म्हणजे डोक्यावरून वाहिले असते तर जास्त निघाले असते. संध्याकाळी नानांनी युक्ती काढली, आधी पट्ट्यावर दोन फावडी कोरडा मुरूम किंवा कच शिंपडायची आणि मग त्यावर ओली माती, भाकरीखाली पीठ लावतात तसं. बऱ्यापैकी चाललं. पूर्ण नाही, पण चाललं.

त्याच दिवशी पट्टा डावीकडे पळायला लागला. ड्रमवर एका बाजूला माती चिकटली की ती बाजू जाड होते आणि पट्टा सरकतो, फ्रेमला घासतो, कडेचे दोरे निघायला लागतात. ज्यांनी लहानपणी पिठाच्या गिरणीत पट्टा पडताना बघितलाय त्यांना कळेल. पोरं फ्रेमला लाथ मारून सरळ करत होती, त्याने काही होत नाही. आधी मशीन बंद, ड्रम साफ. मग चालू करून बघायचं, तरी पळतोय तर मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना ताणाचे बोल्ट असतात, पट्टा ज्या बाजूला पळतोय त्या बाजूचा आवळायचा, फक्त पाव फेरा, आणि पट्ट्याच्या चार-पाच फेऱ्या होऊ द्यायच्या, मग बघायचं, मग परत पाव. घाई केली की तो उजवीकडे पळतो आणि दिवसभर हाच खेळ. आमचं हे शिकेपर्यंत डाव्या कडेला दोन फूट लांबीचे दोरे निघाले होते. तसे थोडे आधीपासूनच निघालेले होते, पण माझ्याकडे फोटो नव्हता. फोटो काढा. आल्याआल्या, टेम्पोतून उतरवतानाच, चारही कडा, सांधा, ड्रम, तारखेसकट.

बोळात मागे शेजारच्या आजींचं दार उघडतं, हे मी सांगायचं राहिलं. बोळ तीन फूट, त्यात बेल्टची फ्रेम वीस इंच, उरली सोळा इंच. आजी ऐंशीच्या पुढच्या, रोज सकाळी साडेआठला देवळात आणि अकराला परत. पहिल्या दिवशी मी समजावायला गेलो, "आजी, दहा-बारा दिवस जरा पुढच्या दाराने जाल का," तर म्हणाल्या, "पुढे जिना आहे, माझे गुडघे तू देणार आहेस का?" बरोबरच आहे. मग साडेआठला आणि अकराला बेल्ट बंद, एक गडी त्यांचा हात धरून बोळ पार करून देणार, गड्यांचा चहा त्याच वेळेला. आवाजाबद्दल मात्र त्यांनी कधी तक्रार केली नाही, उलट ब्रेकरपेक्षा बरंय म्हणाल्या. धुळीबद्दल केली, आणि ती खरी होती, वळणावर माती पडते तिथे कोरड्या मुरमाची धूळ उडते, तिथे गोणपाट ओलं करून टांगलं की निम्मी कमी होते. हे आधी सुचायला हवं होतं.

मुकादमाने पहिल्या दिवशी नारळ फुटल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "शेठ, आता हाजरी कितीची कापणार?" खरंय, १२ माणसांचं काम होतं, बेल्टवर ९ पुरतात. चार खड्ड्यात, एक वळणावर सांडलेलं परत टाकायला, एक गाडीजवळ, दोन बायका निवडायला, एक बटणावर आणि वरकड. तिघांना मी दुसऱ्या साइटवर सेंट्रिंगच्या कामाला लावलं म्हणून प्रश्न सुटला, दुसरी साइट नसती तर तिघं घरी बसले असते, हे काही मी लपवणार नाही. पण जे राहिले त्यांच्यातल्या एकीनेही परत डोक्यावर घ्यायला हरकत नाही असं म्हटलं नाही. चुंबळ घरी विसरून आले म्हणे आणि आठवण पण झाली नाही.

आता पैसे, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. काम ११ दिवस चाललं, भाडं लागलं १३ दिवसांचं, कारण रविवार आणि न्यायला टेम्पो आला नाही तो एक दिवस पण मोजला. मजुरी सरासरी ८०० धरून ९ माणसांचे ११ दिवस, ७९,२००. भाडं ३२,५००. डिझेल रोज १२०० प्रमाणे १३,२००. ने-आण ६,०००. आणि परत देताना पट्ट्याच्या कडेबद्दल डिपॉझिटमधून कापले ३,५००. बेरीज १,३४,४००, म्हणजे ब्रासला २८६० रुपये. जाळीचे १२०० मी यात धरले नाहीत, ती मी काढून घेतली. डोक्यावरून केलं असतं तर १२ माणसं, ३ ब्रास, ब्रासला ३२००, एकूण दीड लाखाच्या जरा वर, आणि १६ दिवस. म्हणजे पैशात वाचले सोळा हजार, फार काही नाही, लोक सांगतात तसे निम्म्यात वगैरे काही होत नाही. टिपरचा खर्च दोन्हीकडे सारखाच म्हणून सोडलाय. पण पाच दिवस वाचले, आणि पावसाच्या आधी तळाचं काँक्रीट पडलं, याची किंमत ज्याचा खड्डा जूनमधे भरलाय त्याला विचारा. ज्या दिवशी कोरडा मुरूम आणि दोन्ही गाड्या जाग्यावर, त्या दिवशी ब्रासला १८०० च्या घरात पडलं. सगळे दिवस तसे गेले असते तर मी आज दुसऱ्या सुरात लिहिलं असतं.

शेवटचे दोन ब्रास तरीही डोक्यावरूनच काढले. बेल्ट ज्या मातीवर टेकलेला असतो ती माती तो स्वतः काढू शकत नाही, आधी बेल्ट बाहेर, मग शिडी लावून घमेली. कोणी सांगत नाही हे.

मग मी परत घेईन का? घेईन, पण २५-३० ब्रासच्या खाली नाही, कारण आणणं, बसवणं, काढणं यातच दीड दिवस जातो. खड्डा चार-पाच फुटांचा असेल आणि बोळ नसेल तर फळ्या टाकून हातगाडीच बरी. पावसाळ्यात काळ्या मातीसाठी फुकट दिला तरी नको. घेताना मोटर कोणत्या फेजची हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, जाळी आहे का बघा, रेघांचा पट्टा एक तरी हवाच, आणि बोलताना सुट्टीच्या दिवसाचं भाडं अर्धं ठरवा, ठरवलं तर देतात.

मशीनला पाचपैकी चार. देणाऱ्याला दोन, ते पण टेम्पोच्या ड्रायव्हरमुळे, त्याने परत नेताना २० फुटीला बोळातून काढायला स्वतः खांदा लावला. डिपॉझिटचे उरलेले साडेसोळा हजार सेट परत दिल्यावर नवव्या दिवशी आले, दोन हप्त्यांत.